डॉक्टरांचा चाळीस टनी ट्रक

डॉक्टर माझ्याशी बोललेले पहिले दोन शब्द म्हणजे, "तोंड उघडा."

मी साउथहॅम्प्टनात त्यांच्याकडे खोली बघायला गेलो होतो. हातात बॅग, अंगावर पुण्याहून आणलेलं आणि तिथल्या वाऱ्यापुढे अगदीच केविलवाणं जॅकेट. दार उघडलं, समोर एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ, डोक्याला ऑपरेशन थिएटरमधली हिरवी टोपी, आणि मी नाव सांगायच्या आत हे. घरमालकानं सांगितलं म्हणून मी तोंड उघडलं. मग "मान मागे" झालं. मग त्यांनी माझ्या हनुवटीखाली तीन बोटं धरून अंतर मोजलं, हात पुसले आणि म्हणाले, "सोपी आहे. या आत."

सोपी म्हणजे काय, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. डॉक्टर चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. माणूस भेटला की ह्याच्या घशातून श्वासाची नळी कशी जाईल, हा त्यांचा पहिला विचार. पोस्टमन, खिडक्या पुसणारा, शेजारची गोरी बाई, सगळ्यांचे घसे त्यांनी मनात नोंदवून ठेवले होते. माझ्याआधी नागपूरच्या एका मुलाला त्यांनी खोली नाकारली ती त्याची मान आखूड होती म्हणून, असं मी कार्डिफच्या मराठी मंडळींच्या गणपतीत निदान सहा वेळा तरी सांगितलं असेल. ते खरं नाही. त्या मुलाला ऑफिसजवळ स्वस्त खोली मिळाली होती. मान मात्र आखूड होती.

मी गोष्टी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणोत. मी सांगतो त्यात चार आण्यांचं खरं असतं आणि बारा आण्यांची फोडणी. पण डॉक्टरांना जाऊन आता दीड वर्ष होईल, आणि गेलेल्या माणसाला फोडणी घालताना हात जरा आखडतो. तेव्हा ह्या लेखात प्रमाण उलटं धरा.

त्यांच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी होती, थिएटरमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजवर लावतात तसली, रंगीत. हळदीला पिवळी, तिखटाला लाल, हिंगाला निळी. पट्टीवर पदार्थाचं नाव, भरल्याची तारीख, वेळ आणि भरणाऱ्याची सही. त्या घरात भरणारा एकच, तरीही सही. मी एकदा जिऱ्याची बाटली संपवून दुसरी भरली आणि सही केली नाही, तर त्यांनी ते सगळं जिरं कचऱ्याच्या बिनमध्ये ओतलं. आवाज चढवला नाही. "कुणी भरलं ठाऊक नसेल तर आत काय आहे ते ठाऊक नाही," एवढंच म्हणाले. जिऱ्यासारखंच दिसत होतं हो, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात पुन्हा कुठल्याही बाटलीवर सही करायला विसरलो नाही. माझ्या शांपूवरही आहे.

प्रश्न विचारला की ते मनात दहापर्यंत मोजून उत्तर देत. चहा घेणार का, ह्या प्रश्नालाही दहा. पहिला महिनाभर मला वाटायचं ह्यांना ऐकू येत नाही. आणि त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. एक, "आधी श्वास, मग बाकीचं." दुसरं मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की ते माझंच वाटायला लागलं: "झोपवणं सोपं असतं. कुणालाही झोपवता येतं. उठवणं हे आमचं काम." मी विचारलं, उठवता कसं? दहा मोजून म्हणाले, "औषध बंद करायचं. नावानं एकदा हाक मारायची. मग थांबायचं. नवीन पोरं घाबरून हाकांवर हाका मारतात, गाल थोपटतात. त्यानं पेशंट बिचकतो. ऐकलेलं असतं त्यानं. त्याला यायला वेळ लागतो."

आता त्या कम्प्युटरकडे येतो.

वरच्या मजल्यावर एक खोली होती, मुलीची. मुलगी ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. ब्रिस्टल तिथून दोन तासांवर. पण मी राहिलो त्या पहिल्या आठ महिन्यांत ती एकदाही आली नाही, आणि तिचा फोन आल्याचंही मी ऐकलं नाही. डॉक्टरांच्या पत्नी मी यायच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. त्या होत्या तोवर फोन त्या करायच्या आणि निरोप इकडून तिकडे न्यायच्या. त्या गेल्या आणि टपालच बंद झालं. हे मला शेजारच्या गोऱ्या बाईनं सांगितलं, न विचारता.

त्या खोलीत टेबलाखाली एक काळं कॅबिनेट होतं. मुलीनं सोळाव्या वर्षी स्वतः जोडलेला गेमिंग कम्प्युटर. कॅबिनेटवर पांढऱ्या रंगानं तिचं खेळातलं नाव लिहिलेलं. आणि पुढच्या बाजूला, चालू करायच्या बटणाशेजारी, लोखंडी कडी-कोयंडा. खोटं सांगत नाही. आपल्याकडे शेताच्या खोपटाला असतो तसला, पत्र्याला भोकं पाडून जाड बोल्टांनी आवळलेला. कडी बटणावर पाडून कुलूप घातलं की कम्प्युटर चालू करणं देवालाही अशक्य. आता कडी बाजूला वळवलेली होती आणि पितळी कुलूप रिकाम्या कोयंड्यात लावून ठेवलेलं होतं. मी सहज हात लावला, तर डॉक्टर मागून म्हणाले, "तो भाग हलवायचा नाही."

दर रविवारी दुपारी बरोबर चार वाजता डॉक्टर त्या कम्प्युटरसमोर बसत आणि ट्रक चालवत.

ट्रक चालवण्याचा एक खेळ आहे. गोळीबार नाही, राक्षस नाहीत. चाळीस टनांचा ट्रक घ्यायचा, माल भरायचा आणि युरोपभर रस्त्यावरून न्यायचा. सिग्नलला थांबायचं, डिझेल भरायचं. जगात एवढा कंटाळवाणा खेळ दुसरा नसेल असं मला वाटलं होतं. डॉक्टर थिएटरची टोपी घालून, पाठ ताठ ठेवून, ताशी पन्नास मैलांच्या वर न जाता रॉटरडॅमहून मिलानला टोमॅटो नेत. आणि त्यांच्या पुढे, शंभर यार्डांवर, एक निळा ट्रक असे. निळ्या ट्रकवर पांढऱ्या अक्षरांत तेच नाव, कॅबिनेटवर होतं ते.

तो निळा ट्रक ब्रिस्टलहून चालत होता.

हे कसं जुळलं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मुलगी लहान असताना ऑन-कॉल ड्यूटी संपवून ते घरी येत, तेव्हा तिला गाडीत घालून बंदराबाहेरच्या रस्त्याला नेत आणि दोघं कंटेनरचे ट्रक मोजत बसत. कुठला कुठे चालला असेल ते ती ठरवायची. पत्नी गेल्यावर एकटेपणात त्यांनी खेळ विकत घेतला, त्यात मुलीचं नाव शोधलं आणि तिला सोबत चालवायची विनंती पाठवली. तीन आठवडे काही नाही. चौथ्या रविवारी चारच्या सुमाराला ते हॅम्बुर्गच्या गोदामाबाहेर ट्रक लावून बसले होते, तर शेजारी एक निळा ट्रक येऊन उभा राहिला. दिवे दोनदा लागले-विझले आणि ट्रक निघाला. डॉक्टर मागोमाग निघाले. त्यानंतर दर रविवार. खेळात बोलायची सोय आहे, लिहायचीही आहे. वर्ष-दीड वर्षात दोघांपैकी कुणीही एक अक्षर लिहिलं नव्हतं. दिवे दोनदा म्हणजे निघू. हॉर्न एकदा म्हणजे पुढच्या रविवारी. एवढीच भाषा.

पण कम्प्युटर म्हातारा झाला होता. वळणावर चित्र अडकायचं. पूल दिसायचा तो ट्रक पुलावर चढल्यावर. डॉक्टर मागे पडत. मग निळा ट्रक पुढे कुठेतरी रस्त्याकडेला थांबून राही. आधी मिनिटभर, मग तीन मिनिटं, मग पाच. डॉक्टर त्या मिनिटांची नोंद ठेवत. भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या वेळी दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब कागदावर मांडतात, तसलाच तक्ता ते कम्प्युटरचा ठेवत. उभ्या-आडव्या रेघा, तापमान, चित्राचा वेग, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. "४.२०. थांबली आहे." "४.२५. अजून थांबली आहे."

ऑक्टोबरात बातमी आली की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेळाची नवी आवृत्ती येणार, आणि पडद्यावरची चित्रं उमटवणारी जी ग्राफिक्स कार्डं असतात, त्यातल्या जुन्यांवर ती उघडणारच नाही. सगळे नवीनवर जाणार. म्हणजे निळा ट्रक जाईल आणि डॉक्टर हॅम्बुर्गच्या गोदामाबाहेर उभे राहतील.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरमधले. तुम्हाला हे कळत असेल."

इथे माझी चूक सांगायला हवी. मी एका जहाज कंपनीच्या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करत असे. कम्प्युटरच्या पोटात काय असतं ते मला, विमानाच्या प्रवाशाला इंजिन माहीत असतं तेवढंच माहीत. पण समोर सत्तरीचा माणूस आशेनं उभा असताना नाही म्हणवेना. मी म्हटलं, "पुण्यात चौदा कम्प्युटर जोडलेत, डॉक्टर. डोळे मिटून." चौदा. दहा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हटलं, सरळ नवीनच घ्या की, तुम्हाला काय कमी आहे. त्यांनी दहा मोजले. मग कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून मला आतली बाजू दाखवली. तिथे एक कागद चिकटवलेला होता, मुलीच्या अक्षरातला. प्रत्येक भागाचं नाव, पुढे किंमत, काही खोडलेल्या, बाणानं वर-खाली केलेल्या, आणि शेवटी बेरीज तीनशे. शनिवारी बेकरीत उभं राहून कमावलेले तीनशे पौंड. "तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तीनशे पौंडांत कचरा येतो," डॉक्टर म्हणाले. "दहा वर्षं चालला. तेव्हा ह्याच कॅबिनेटमध्ये करायचं, आणि तीनशेतच करायचं."

मग तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं ते मोठ्या इस्पितळांतही चालत नसेल. मी रात्रभर व्हिडिओ बघायचो आणि सकाळी अधिकारवाणीनं बोलायचो. मी म्हटलं, अडीचशेचं कार्ड घ्या, बाकी तसंच ठेवा, सगळी तरुण पोरं तेच करतात. ते म्हणाले, "म्हाताऱ्याच्या छातीत पहिलवानाचं हृदय बसवलं, तर फुप्फुसांनी काय करायचं?" आणि कागदावर मुलीच्या प्रत्येक ओळीखाली आपली ओळ लिहायला घेतली. पहिली ओळ पॉवर सप्लायची. साठ पौंड, नवा कोरा. मी म्हटलं हा तर खेळात दिसतही नाही, वापरलेला वीसला मिळतो. "ऑक्सिजन सेकंडहँड घेत नाहीत," ते म्हणाले, आणि विषय संपला. प्रोसेसर मात्र वापरलेला, त्याच मदरबोर्डवर बसणारा, त्या घराण्यातला सगळ्यात थोरला, चाळीसला. मेमरी पंधराची. जुन्या डिस्कच्या जागी नवी वेगवान, पस्तीसची. उरले दीडशे, ते कार्डाचे.

कार्ड विकणारा युनिव्हर्सिटीतला एक वेल्श विद्यार्थी होता. डॉक्टरांनी त्याच्या घरी जाऊन आधी त्याचा घसा पाहिला, नजरेनंच, मग कार्ड त्याच्या कम्प्युटरवर तासभर पळवायला लावलं आणि त्याच्या स्वयंपाकघरात बसून दर पाच मिनिटांनी तापमान मांडलं. त्या पोराला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं दोनदा चहा केला. निघताना त्यानं पाच पौंड कमी केले. मी म्हणतो आदरानं. भीतीनंही असेल.

कॅबिनेटमध्ये कार्ड मावतं का ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी ते अत्यंत काळजीपूर्वक केलं. डॉक्टरांच्या पत्नीच्या शिवणाच्या टेपनं. बाहेरून.

खेळाची नवी आवृत्ती यायला पाच दिवस होते. शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर पसरून आम्ही कॅबिनेट आडवं निजवलं. डॉक्टर टोपी, मास्क आणि हातमोजे घालून आले. पॉवर सप्लाय बसला. प्रोसेसर बसला. मेमरी बसली. शेवटी कार्ड. मी ते खाचेवर टेकवलं, दाबलं आणि ते पुढच्या टोकाला अडलं. आणखी दाबलं. पुन्हा अडलं. बोटभर जागा कमी पडत होती. आत टॉर्च मारून पाहिलं, तर पुढच्या पत्र्यातून एक जाड बोल्ट हातोडीच्या दांड्यासारखा आत घुसलेला. त्याच्या नटाभोवती कसलंतरी घट्ट वाळलेलं पिवळं सिमेंट. कोयंड्याचाच बोल्ट होता तो.

मी उगाचच केबलींशी चाळे केले. मग खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "डॉक्टर, मी एकही कम्प्युटर जोडलेला नाही. एकदा माउसची बॅटरी बदलली होती."

त्यांनी दहा मोजले. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "चौदा म्हणालात तेव्हाच. खोटं बोलताना तुमच्या मानेची शीर उडते. पण मला एकट्याला हे उघडायचं नव्हतं रे." त्या दिवसापर्यंत ते मला तुम्ही म्हणत. रे पहिल्यांदाच आला.

विद्यार्थी पैसे परत देणार नव्हता. दुसरं कॅबिनेट तीनशेत बसत नव्हतं, आणि ते त्यांना नकोच होतं. मला युक्ती सुचली. मी म्हटलं, आतून कापू. आतला बोटभर तुकडा कापला की कार्ड बसतं. बाहेरून काही कळणारही नाही. कडी, कोयंडा, कुलूप, सगळं होतं तसं राहील.

डॉक्टर बोल्टाकडे बघत राहिले. मी सवयीनं मनात मोजत होतो. दहा झाले, वीस झाले.

"आमच्याकडे बारावीला घरातली टीव्हीची केबल काढत," ते म्हणाले. "तुझ्याही वेळी काढली असेल."

मी म्हटलं, काढली होती. नव्याण्णव घरांत काढायचे, आणि शंभराव्या घरात टीव्हीच नसायचा.

"माझ्या वडिलांनी रेडिओ कपाटात घातला होता, वर्षभर. मी डॉक्टर झालो. मला वाटलं, हे औषध लागू पडतं." त्यांनी हातमोजे काढले. "हिच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षी मी हे बसवलं. पाना घालून काढेल म्हणून नटावर अराल्डाइट ओतलं. अठराव्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून तिला कार्ड दिलं. लांब होतं. ह्याच बोल्टाला अडलं. ती माझ्याकडे आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, बाबा, एकच बोल्ट आहे. मी म्हटलं, निकालानंतर."

बाहेर कुणाची तरी कचऱ्याची बिन वाऱ्यानं पडून रस्त्यावर गडगडत गेली.

"निकाल उत्तम लागला. कार्डिफला मेडिसिनला गेली. दुसऱ्या टर्मला सोडून आली, तेव्हा मी बोललो ते बोललो. पण माझ्या लक्षात राहिलं ते हे. निकालानंतर ती बोल्ट काढून मागायला आली नाही. आणि मीही काढायला गेलो नाही."

मग उठून त्यांनी बसवलेला एकेक भाग पुन्हा बाहेर काढला. लोखंडाचा कीस आत पडला तर सगळं जळेल, म्हणून. राहिलेल्या पाच पौंडांत मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून करवतीची पाती आणली. डॉक्टरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची, गाडीची आणि एक बारीक पितळी. नऊ वर्षं ती किल्ली त्यांच्या खिशात होती. कुलूप उघडून त्यांनी ते टेबलावर ठेवलं, आणि कापायला सुरुवात केली. आतून नाही. बाहेरून, कोयंड्यासकट, सगळे चारही बोल्ट.

गणपतीत मी सांगतो की तो बोल्ट मी कापला, आणि त्याला रात्रीचे दोन वाजले, आणि तीन पाती मोडली. खरं असं की मी फक्त कॅबिनेट धरून बसलो होतो. दुपारच्या चहाच्या आत झालं सगळं. एकच पातं मोडलं. मी तीनदा म्हटलं, द्या माझ्याकडे. तीनही वेळा त्यांनी मान हलवली. एक बोल्ट कापून झाला की ते चादरीवरचा कीस पुसून घेत आणि पुढच्याला लागत. शेवटचा बोल्ट सुटला, कोयंडा चादरीवर पडला, आणि कॅबिनेटच्या तोंडावर चार भोकं राहिली.

कार्ड बसलं. वायरींचं गुंतवळ मी केलं, ते बघून मुंग्यांनीही वारूळ सोडून दिलं असतं. पण कम्प्युटर चालू झाला.

नवी आवृत्ती गुरुवारी आली. रविवारी चार वाजता डॉक्टर बसले. मला त्यांनी शेजारी स्टुलावर बसवलं, तापमान वाचून दाखवायला. ते तक्त्यावर मांडत होते. निळा ट्रक साल्झबुर्गच्या बाहेर उभा होता. दिवे दोनदा. निघाले. आणि रस्ता असा सरकायला लागला की मी क्षणभर तापमान वाचायचं विसरलो. डोंगर, बोगदे, पाइनची झाडं, सगळं वेळच्या वेळी. घाटात निळ्या ट्रकानं वेग वाढवला. डॉक्टरांनी, ताशी पन्नासच्या पुढे आयुष्यात न गेलेल्या माणसानं, साठ केले. मग बासष्ट. शंभर यार्डांचं अंतर शंभरच राहिलं.

घाटमाथ्यावर निळा ट्रक रस्त्याकडेला थांबला. डॉक्टरही थांबले. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे मी कधी एक अक्षर पाहिलं नव्हतं, तिथे अक्षरं उमटली. रोमन लिपीत मराठी.

"नवीन कार्ड?"

डॉक्टरांनी एका बोटानं लिहिलं, "हो."

"कुठलं?"

त्यांनी कार्डाचं नाव आणि नंबर लिहिला, औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबर उतरवून घ्यावा तसा, एकेक अंक तपासत. नंबर गेला. पलीकडे बराच वेळ काही नाही. ती त्याची लांबी शोधत असणार. किंवा तिला पाठच असेल.

"ते त्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, बाबा."

डॉक्टरांचं बोट कीबोर्डवर फिरलं. हवी ती अक्षरं त्यांना सापडेनात. मी हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. शेवटी एक शब्द लिहिला.

"बसलं."

आणि हात मांडीवर ठेवले.

पडद्यावर दोन ट्रक उभे होते. शेजारून खोट्या गाड्या जात होत्या. तिकडून काही येत नव्हतं. मिनिट गेलं, दोन गेली. मी म्हटलं, डॉक्टर, लिहा ना अजून काही. सॉरी लिहा. कोयंडा काढला म्हणून लिहा. तिला कळलं नसेल.

"थांब," ते म्हणाले. "हाक मारली आहे."

पाच मिनिटं झाली. त्यांनी तापमान विचारलं, मी वाचलं, त्यांनी मांडलं. पेन ठेवलं. पुन्हा पडद्याकडे बघत बसले, पाठ ताठ. मी पुष्कळ माणसांना वाट बघताना पाहिलंय. ती वाट बघताना काहीतरी करतात. पाय हलवतात, फोन बघतात. हे काहीच करत नव्हते. एका माणसाचा श्वास मोजत बसावं तसे बसले होते.

मग अक्षरं आली.

"शनिवारी येते. वायरिंग कुणी केलंय ते बघते."

डॉक्टरांनी उत्तर लिहिलं नाही. फक्त दिवे लावले-विझवले, दोनदा. निळ्या ट्रकानं हॉर्न वाजवला नाही, कारण पुढच्या रविवारपर्यंत आता थांबायचंच नव्हतं. तो निघाला, आणि हे मागोमाग.

शनिवारी मला कार्डिफला अत्यंत महत्त्वाचं काम निघालं. काही काम नव्हतं. दिवसभर तिथल्या किल्ल्याच्या भिंतीबाहेर बाकावर बसून मी एक सँडविच तीन तास खाल्लं. त्यामुळे दारात काय झालं, कोण आधी बोललं, ते मी पाहिलेलं नाही. आणि न पाहिलेलं वाढवून सांगायची माझी हिंमत फक्त ह्या एका बाबतीत होत नाही. रविवारी परत आलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. दोघं बंदराच्या रस्त्याला गेली होती. मी वर जाऊन कॅबिनेटचा पत्रा काढून पाहिला. माझं सगळं गुंतवळ उपसून कुणीतरी नव्यानं बांधलं होतं, एकेक वायर सरळ, काटकोनात वळवलेली. प्रत्येक वायरीवर रंगीत चिकटपट्टी, नाव, तारीख, वेळ. आणि सही डॉक्टरांची नव्हती.

आता तो कम्प्युटर ब्रिस्टलला आहे. डॉक्टर गेल्याचं तिनंच मला फोन करून कळवलं. घर आवरायला बोलावलं तेव्हा तिनं मला काय हवं ते घ्या म्हटलं, तर मी हिंगाची बाटली घेतली. तिला सांगितलं एवढंच घेतलं म्हणून. पण मी एक कागदही खिशात घातला, तिला न विचारता, आणि हे वाचून तिला ते कळेल. त्या रविवारचा तक्ता. उभ्या-आडव्या रेघा, दर पाच मिनिटांचं तापमान, त्यांच्या बारीक, स्वच्छ अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात चार पंचवीसला लिहिलंय, "हाक मारली." चार तीसला काही नाही, नुसतं तापमान.

आणि चार पस्तीसला, "डोळे उघडले."